तार निघाल्यावर

बोत्स्वानात 1950च्या दशकापासून तारेची लांबच लांब कुंपणं उभी राहिली. कारण लाळ्या-खुरकूत. रानम्हशींतून रोग गुरांत शिरला की युरोपला जाणारं मांस थांबतं. पशुपालकांची चिंता खरी होती. माझी गुरं असती तर मीही कुंपण मागितलं असतं. पण रोग आणणारी म्हैस कोण आणि पाण्याकडे निघालेलं विल्डबीस्ट कोण, हे तारेला कुठून कळणार?

*

1980च्या दशकातला, बोत्स्वानातल्याच कलहारी वाळवंटातला दुष्काळ. पाण्याच्या ओढीने निघालेली हजारो विल्डबीस्ट यांपैकीच एका, कुके नावाच्या कुंपणाशी अडली आणि तारेच्या कडेकडेने चालत मेली.

*

बोत्स्वानातच ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेचं एक कुंपण 1968 ते 2004 उभं होतं. पावसाळ्यात मक्गाडिक्गाडीच्या गवताळ मैदानांकडे जाणाऱ्या झेब्र्यांची वाट त्याने तोडली. रानातल्या झेब्र्याचं आयुष्य साधारण बारा वर्षांचं. म्हणजे ती वाट चाललेलं एकही जनावर उरलं नसणार. तरी तार निघाली आणि चार वर्षांच्या आत, गळ्यात जीपीएस पट्टे घातलेले झेब्रे पुन्हा तिकडे निघालेले दिसले. जाऊन-येऊन सुमारे 580 किलोमीटर! ओकावांगोत पाणी असूनही जातात, कारण तिकडचं पावसाळी गवत जास्त सकस. पहिल्या सरी पडल्या की निघायचं, पावसाने ओढ दिली तर मागे फिरायचं. मृगाकडे डोळे लावून पेरणी मागेपुढे करणाऱ्या शेतकऱ्यासारखंच.

*

सगळ्यांना हे इतक्या लवकर साधत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात नव्या डोंगरांवर नेऊन सोडलेल्या बिगहॉर्न मेंढ्यांपैकी फार थोड्या स्थलांतर करू लागल्या. उतारावर वर वर सरकणाऱ्या कोवळ्या गवतामागे कसं जायचं हे कळप एकमेकांकडून शिकतो आणि त्याला कित्येक दशकं लागतात, असं 2018च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून कळप जिवंत आहे तोवरच वाट मोकळी करायला हवी. नंतर जनावरं आणून सोडता येतात, जुन्या कळपातल्या थोरांना ठाऊक असलेलं आणता येत नाही.

*

केनियातल्या लोइटा मैदानांवरून मसाई माराकडे येणारी विल्डबीस्ट 1970च्या दशकानंतर वीसेक वर्षांतच तीन-चतुर्थांशांहून अधिक घटली. विणीच्या कुरणांवर गहू आला. पुढे सामाईक जमिनींच्या वाटण्या झाल्या, कुंपणं आली. काही मसाई जमीनमालक भाडं घेऊन जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवतात, ही त्यातली चांगली गोष्ट. पण ते भाडं पर्यटनातून येतं. 2020मध्ये कोविडमुळे पर्यटक थांबले तेव्हा तेही अडचणीत आलं. त्या भाड्यात सरकारांनी कायमचा वाटा उचलावा, असं मला ठामपणे वाटतं.