चार सुट्ट्या कोणाच्या?

नवीन वर्षाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी ग्रुपवर आली आणि नेहमीचं भांडण सुरू झालं. त्यांना किती, आपल्याला किती. मोजणारे बहुतेक पगारी सुट्टीवालेच, हे आपलं जाता जाता.

2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली होती. मुस्लिम मंडळींनी जुलूस पुढे ढकलला, सरकारनेही सुट्टी 29 ला केली. आमच्याकडे दोन्ही दिवस शांततेत गेले. काही घडलं नाही म्हणून माझी बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपली!

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला ठरलेल्या सुट्ट्यांशिवाय वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात. यादीतून आपला सण निवडायचा, अर्ज द्यायचा. चांगली सोय आहे. पण बाजारपेठेत काउंटरवर उभं राहणाऱ्या पोरांचं काय?

त्यांच्यासाठीही कायदा आहे, हे किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला सणाच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. अगदी छोट्या दुकानांना हे लागू नाही, पण आपल्याकडची मोठी कापड दुकानं यात येतात.

अशाच एका दुकानात तीसेक जण कामाला आहेत. मी विचारलं, चार सुट्ट्या ठरवल्या कोणी? एकमेकांकडे बघायला लागले. ठरवायचं काय त्यात, शेठच्या घरचे सण तेच दुकानाचे. बकरी ईदला तिघांचा खाडा. 14 एप्रिलला सगळी सरकारी कार्यालयं बंद, पण साड्यांच्या काउंटरवरच्या ताईंचा खाडा. तांड्यावरच्या पोराचा 15 फेब्रुवारीला, सेवालाल महाराज जयंतीला. आणि गणपतीला दुकान बंद, तेव्हा हे सगळे घरी बसून.

मालकाला बोललो तर म्हणाले, "अहो, प्रत्येकाचा सण पाळायचा तर दुकान उघडायचं कधी?"

खरं तर उलट आहे. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी दिली की शटर ओढावं लागतं. ईदला तिघं नसले तर सत्तावीस जण आहेत की. गणपतीत ते तिघं काउंटर सांभाळतील, सांभाळायला तयारही आहेत, मी विचारलंय. चारही सुट्ट्या सगळ्यांना एकाच तारखेला द्या, असं काही कायद्यात म्हटलेलं नाही.

व्यापारी मंडळींपैकी बरेच जण ही पोस्ट वाचतात, म्हणून सांगतो. डिसेंबर संपायला अजून पंधरा दिवस आहेत. एका संध्याकाळी दुकान वाढवताना माणसांना बसवा आणि प्रत्येकाला चार तारखा विचारून वहीत लिहून घ्या. त्या कलमाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, हवी त्याने न्यावी.