सेंट्रिंग

ऑनसाईटला मानहाइममध्ये होतो तेव्हा एका शनिवारी श्पायरचं कॅथेड्रल बघून आलो. चर्चमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. पण जवळजवळ हजार वर्षं जुनी, १३४ मीटर लांबीची इमारत ट्रेनच्या अंतरावर उभी असताना रूमवर पडून काय करणार?

आत शिरल्यावर आधी जाणवतो तो भिंतींचा जाडपणा, आणि मग एकामागे एक अर्धगोल कमानी. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. नाव एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी चिकटवलेलं, बांधणाऱ्यांच्या ते गावीही नव्हतं. (आपण नाही का, हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीच्या देवळालाही बिनधास्त ‘हेमाडपंती’ म्हणतो!)

तर गोष्ट अशी. सम्राट दुसरा कॉन्राड याने १०३०च्या सुमारास काम काढलं आणि १०६१ मध्ये चर्चचा पवित्रीकरण विधी झाला. तेव्हा मधल्या मोठ्या दालनाला सपाट लाकडी छत होतं. वीसेक वर्षांनी त्याचा नातू चौथा हाइनरिख याने ते उतरवून दगडी छत चढवायला घेतलं. इतिहासकार या टप्प्यांना चक्क श्पायर १ आणि श्पायर २ म्हणतात. म्हणजे रिलीज नंबरच की!

दगडी कमानीची भानगड ही, की ती नुसती खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही ढकलते. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान, आत अंधार. श्पायर २ मध्ये अर्धगोल छतं एकमेकांना काटकोनात छेदून भार चार कोपऱ्यांवर आणला, त्यामुळे मधल्या भिंतीत खिडक्यांना जागा झाली. आणि जुन्या बांधकामाला हे ओझं पेलावं म्हणून एकाआड एक खांब आणखी भक्कम केला. सगळ्यांनाच हे जमलं नाही. फ्रान्समध्ये क्लूनीच्या अवाढव्य चर्चच्या छताचा काही भाग ११२५ मध्ये कोसळला.

आता गंमत बघा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा. श्पायरच्या विधीच्या फक्त एक वर्ष आधी! शिलाहारांच्या कारागिरांनी छतासाठी कमान वापरलीच नाही. खांबांवर दगडी तुळया, आणि वर थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. त्यात बाहेर ढकलणारा जोर फारसा नाही. पण दगडाची तुळई लांब केली की मोडते, त्यामुळे खांब जवळजवळ हवेत. श्पायरएवढं मोकळं दालन यातून निघत नाही. मग जास्त हुशार कोण? माझ्या मते प्रश्नच चुकीचा. तिकडे शेकडो माणसं एका छताखाली उभी करायची होती, इकडे गाभारा हवा होता. रिक्वायरमेंटच वेगळी.

कमानीचा शेवटचा दगड बसेपर्यंत खालून लाकडी सांगाडा लावावा लागतो. त्याचं नाव सेंट्रिंग. हाच शब्द आमच्या सिंदीतल्या मिस्त्रीच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा असतो, स्लॅबसाठी.

गेल्या वर्षी सिंदी (रेल्वे)च्या घराचं काम निघालं. मातीच्या दीड हात भिंती, कवेलूचं छप्पर, टीचभर खिडक्या. बाबांना स्लॅब हवा होता, मोठ्या खिडक्या हव्या होत्या. त्यांचंही बरोबरच. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला आता माणूस मिळत नाही. पण ४५ डिग्रीच्या मे महिन्यात आजी मधल्या खोलीत पंखा बंद करून झोपते. ती एवढंच म्हणाली, “तुमी स्लॅब टाका, माही खोली नोका पाडू.”

बाबा म्हणाले, आहे त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. मिस्त्रीने भिंतीवर हात मारून मान हलवली. मातीला तो भार झेपणार नाही, वेगळे कॉलम उभे करावे लागतील. खर्च दीडपट! दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, समोरच्या दोन खोल्या पाडू, मधल्या खोलीचे कवेलू राहू दे.

स्लॅब पडला त्या संध्याकाळी मी मिस्त्रीला विचारलं, सेंट्रिंग कधी काढणार?

“एकवीस दिवस तरी नाही. घाई नोका करू, भाऊ.”

आजी आत झोपली होती. पंखा बंद.