वडापावचा अर्ज

महागाईस दूषणें देण्यांत आम्ही कोणास हार जाणार नाहीं. शिक्षकांच्या खोलींत कांदा, रविवारीं उपासनेनंतर मंदिराच्या अंगणांत गॅस, आणि रात्रीं जेवतांना सरकार, असा आमचा क्रम ठरलेला आहे. एकदां मत देऊन आलों कीं पांच वर्षें कुरकुरण्याचा परवाना मिळाला, अशी जणूं आमची समजूतच होती.

आमच्या मातोश्रींचा मार्ग निराळा. १९७२ सालीं महाराष्ट्रांत दुष्काळ पडला व जिन्नस महागले. तेव्हां मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति स्थापिली, आणि गृहिणी हातांत लाटणीं घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर आल्या. मातोश्रीही एकदां गेल्या होत्या. लग्न नुकतेंच झालेलें. "लाटणें सासूबाईंचें होतें, हरवलें असतें तर पंचाईत!" एवढेंच त्या सांगत.

२०२४ च्या दिवाळीनंतर शाळेच्या उपाहारगृहांत १५ रुपयांचा वडापाव २० रुपयांस झाला. नववीच्या मुलांनीं सह्या करून एक अर्ज आमच्यापुढें ठेविला. तो न वाचतांच आम्हीं म्हटलें, "असलीं प्रकरणें शाळेंत नकोत." फळ्यावर तेव्हां आमच्याच अक्षरांत राज्यघटनेचें कलम १९ लिहिलेलें होतें: भाषणाचें स्वातंत्र्य, शांततेनें व शस्त्रांवांचून एकत्र जमण्याचें स्वातंत्र्य. मागच्या बाकावरील एका मुलीनें नम्रपणें विचारलें, "सर, हें परीक्षेपुरतेंच आहे का?" वर्ग हंसला नाहीं. हंसला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

घरीं जाऊन अर्ज वाचला. भाव उतरवा असें त्यांत कोठेंच नव्हतें. "भाव कां वाढला तें आम्हांस कळवावें," इतकीच विनंती, आणि शुद्धलेखनाच्या चार चुका.

दुसऱ्या दिवशीं उपाहारगृहाच्या मावशींस वर्गांत बोलाविलें. त्या आधीं घाबरल्या. मग पिशवींतून तेलाच्या डब्यांच्या पावत्या काढून त्यांनीं मेजावर मांडल्या. सप्टेंबरपासून डबा चढतच गेला होता. त्याच महिन्यांत केंद्र सरकारनें परदेशांतून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरील एकूण कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेला होता. आपल्या शेतकऱ्यास तेलबियांचा भाव मिळावा हा हेतु, असें आम्हीं समजाविलें. तोंच एक मुलगा उभा राहिला. त्याचे आजोबा लातूरकडे सोयाबीन पिकवितात. "हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, सर. आजोबांना तेवढा मिळालाच नाहीं." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मावशींपाशींही नव्हतें.

वडापाव २० रुपयांचाच राहिला. मुलांनीं दुसरा अर्ज लिहिला, तो मतदारसंघाच्या खासदारांस: तेल महाग झालें, सोयाबीन स्वस्त राहिलें, मग मधले पैसे गेले कोठें? ह्या वेळीं चुका आम्हीं तपासल्या. सही मागितली तेव्हां पेन हातांत धरून, खरें सांगावयाचें तर, आम्ही बराच वेळ उगीच मजकूर वाचीत बसलों. मग मावशींच्या सहीखालीं केली.

पोंच आली, ती वर्गाच्या भिंतीवर चिकटविली आहे. उत्तर आलें का, म्हणून मावशी सोमवारीं सोमवारीं विचारतात.