'डिसेबल' आणि त्याचे भाईबंद

बळ हरण करण्याची क्रिया एकच. परंतु इंग्रजीने तिच्यासाठी क्रियापदांचा मोठाच गोतावळा जमविला आहे. 'डिसेबल', 'पॅरलाइझ', 'एनर्व्हेट', 'एमॅस्क्युलेट', 'चेकमेट'. पर्यायकोशात ही मंडळी एका पंगतीस बसलेली दिसतात. कुळाची चौकशी करू गेल्यास मात्र प्रत्येकाचे गोत्र निराळे निघते. 'एनर्व्हेट' हा शब्द लॅटिनमधील स्नायूवाचक शब्दापासून आला. म्हणजे माणसाचे स्नायूच काढून घेणे. 'पॅरलाइझ' मूळचा ग्रीक, आणि त्याच्या पोटात 'बाजूने सैल पडणे' असा अर्थ आहे. आमच्या वैद्यांनी ह्याच दुखण्याला पक्षाघात म्हटले. पक्ष म्हणजे बाजूच. 'एमॅस्क्युलेट'ला आमच्या शेतकऱ्याचा 'खच्ची करणे' हा शब्द नेमका बसतो. पुढाऱ्यांची उमेद खच्ची झाल्याचे वर्तमानपत्रात वाचताना त्यामागचा बैल आज कोणाला आठवत नाही, हे त्या पुढाऱ्यांचे भाग्य!

'चेकमेट'ची गोष्ट याहून गमतीची. तो फारसी 'शाह मात'चा अपभ्रंश. 'मात' म्हणजे निरुपाय झालेला. बुद्धिबळाच्या पटाबरोबर तो शब्द अरबांकडून फ्रान्समार्गे इंग्लंडात पोहोचला, आणि इकडे फारसीतून थेट मराठीत उतरला. आपण संकटावर 'मात करतो' तेव्हा आणि साहेब प्रतिपक्षाला 'चेकमेट' करतो तेव्हा दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो. 'जेर करणे'ही फारसीच. 'जेर' म्हणजे खाली.

पण आपल्या देवळांच्या आवारात वाढलेल्या माणसाला ह्या विषयासाठी परक्या कोशांचे उंबरे झिजविण्याची तितकीशी गरज नाही. तंत्रशास्त्रातील षट्कर्मे पाहावीत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. ह्यांत स्तंभन हे मारणाहून वेगळे सांगितले आहे, ही गोष्ट आम्हांस फार सूक्ष्म वाटते. स्तंभन म्हणजे खांबासारखे करून ठेवणे. प्राण जात नाही, हालचाल जाते. बगलामुखी ही ह्या कर्माची देवता. तिच्या मूर्तीत डाव्या हाताने असुराची जीभ धरलेली आणि उजव्या हातात गदा उगारलेली असते. वार अजून झालेलाच नाही. जीभ धरली एवढ्यानेच काम झाले. वादात प्रतिपक्षाचा आवाज बंद पाडणे ही हत्येच्या अलीकडची पायरी आहे, हे त्या शिल्पशास्त्रकाराने नीट ओळखले होते.

सप्तशतीच्या पाठापूर्वी आपण कवच, अर्गला आणि कीलक म्हणतो. कीलक म्हणजे खुंटी. खुंटी ठोकलेला मंत्र नष्ट झालेला नसतो, नुसता अडविलेला असतो. आणि ती उपटण्याची रीतही सांगितलेली असते. ह्या 'कील'चीच मराठीत 'खीळ' झाली, आणि देवस्थानाच्या कोणत्या ना कोणत्या कामाला ती वर्षातून एकदा तरी बसते!

मारुतीचा प्रसंग तर आणखी निराळा. ऋषींच्या शापाने त्याचे बळ गेले नव्हते, बळाची आठवण गेली होती. समुद्रतीरावर जांबवंताने ती करून दिली तेव्हा उड्डाणाला नवे सामर्थ्य कोठून आणावे लागले नाही.

हा सगळा खटाटोप आम्हांस एका फलकासाठी करावा लागला. आमच्या देवळाला महाद्वारातून सभामंडपात जाण्यास सात पायऱ्या आहेत. आमच्या आत्याला बालपणी पोलिओ झाला; भारतात त्या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये नोंदला गेला, पण तिचे बालपण त्याच्या फार आधीचे. स्वतःच्या घरात तिचे काही अडत नाही. स्वयंपाक, शिवण, मुलींना भजने शिकविणे, सर्व चालते. उत्सवाच्या रात्री मात्र ती दीपस्तंभापाशी खुर्ची लावून बसे आणि तिच्याच शिष्यिणी आत गात. उचलून नेण्यास पुष्कळ तरुण पुढे होत. तिचे उत्तर ठरलेले: "म्हाका उखलूं नाकात. हांव गांठोडें न्हय."

शेवटी समितीने रॅम्प बांधावयाचे ठरविले आणि त्यावरील फलकाचा मजकूर आमच्याकडे सोपविला. इंग्रजी ओळीत 'डिसेबल्ड' होते. मराठीत काय लिहावे? कोणी 'अपंग' म्हणाले, कोणी 'विकलांग'. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदांत रूढ झाला. पण ज्यांच्यासाठी तो योजला त्यांच्यातील अनेक संघटनांनीच त्यावर आक्षेप घेतला. आत्याला विचारले तर ती हसली आणि म्हणाली, "माझ्या पायांत दिव्य ते काय आहे?"

आम्हांस अडचण दिसली ती व्याकरणाची. अपंग, विकल, पांगळा ही सारी विशेषणे. ती माणसाला चिकटतात आणि त्याच्यापाशीच थांबतात. 'डिसेबल' हे क्रियापद आहे, आणि कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत उभा असतो: कोणाकडून? आत्याला रोगाने पांगळे केले, हे खरेच. परंतु घरातली आत्या आणि दीपस्तंभापाशी बसलेली आत्या ह्यांचे पाय तर तेच होते. मधला फरक सात पायऱ्यांनी केला होता. तिचा गळा कोणी काढून घेतला नव्हता. त्याला खुंटी ठोकलेली होती.

पायऱ्या पूर्वजांनी घातल्या, शास्त्रात रॅम्प नाही, असे एका वृद्ध महाजनांचे म्हणणे पडले. त्यांच्या वयाचा मान राखूनही आम्ही विचारले की, सभामंडपात विजेचे पंखे आणि गुळगुळीत लाद्या आल्या तेव्हा हे शास्त्र कोठे होते? ह्यावर त्यांनी विषय बदलला.

बांधकामाचा हिशेब सोपा निघाला. प्रत्येक पायरी सहा इंचांची, म्हणजे एकूण चढ साडेतीन फुटांचा. मान्य प्रमाण असे की, एक फूट चढासाठी निदान बारा फूट लांबी हवी. तेव्हा ४२ फूट, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. अग्रशाळेच्या भिंतीलगत ती मिळाली. जांभ्या चिऱ्याचे काम नवरात्रापूर्वी पुरे झाले.

फलकावर आम्ही माणसाचे नावच घातले नाही. 'चाकांच्या खुर्चीने सभामंडपात जाण्याचा मार्ग' एवढेच लिहिले. बाळाची गाडी ढकलणाऱ्या सुनाही आता तेथूनच जातात. खालची कोंकणी ओळ अजून कोरी आहे. 'खुर्ची' लिहावी की 'कदेल' ह्यावर समितीच्या दोन बैठका झाल्या, आणि तिसरी एकादशीनंतर आहे.