बाबा, आज पाऊस नेहमीचाच!

मुलांनो, वर्तमानपत्रातला हवामानाचा नकाशा तुमच्यापैकी किती जण बघतात? बहुतेक जण थेट क्रीडापानावर उडी मारत असणार! मी मात्र शाळेत असताना तो नकाशा कापून वहीत चिकटवायचो. आमचं घर नवी मुंबईत, नेरुळला. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात ढग आले की पाच मिनिटांत डोंगर गडप! त्यामुळे ढगांचं वेड लागायला वेळ लागला नाही. बाबाही रोज सकाळी बूट घालताना गमतीनं विचारायचे, "काय साहेब, आज काय म्हणतोय तुमचा नकाशा?"

त्या नकाशावर असतात वळणावळणाच्या रेषा. ज्या ज्या ठिकाणी हवेचा दाब सारखा, ती ठिकाणं जोडली की समदाब रेषा तयार होते. रेषा दाटीवाटीनं आल्या की समजायचं, तिथे वारा जोरात आहे. रेषांचं कडं जिथे कमी दाबाभोवती पडतं, तिथे चहूकडून हवा गोळा होते, वर चढते, थंड होते आणि ढग बनतात.

पण खरी गंमत वेळेची आहे, बरं का! या सगळ्या नोंदी एकाच वेळी घ्याव्या लागतात. आपल्याकडे सकाळी साडेआठला निरीक्षक दाब आणि तापमान मोजतो, तेव्हा ग्रीनिचच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजलेले असतात. जगभरच्या वेधशाळा त्याच ठोक्याला नोंद घेतात. म्हणून तो नकाशा म्हणजे वातावरणाचा, सगळ्यांनी एकदम हसून काढलेला वर्गाचा फोटोच!

एक प्रयोग करून पाहा. जून-जुलैत मोकळ्या जागी जा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये हा नियम मांडला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे डावा हात होतो वायव्येला. आणि खरंच, त्या दिशेला राजस्थान-पाकिस्तानच्या तापलेल्या वाळवंटावर कमी दाब ठाण मांडून बसलेला असतो. यंत्र नाही, काही नाही, नुसती पाठ आणि हात!

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. तारीख २६ जुलै २००५. मी अकरावीत होतो. नकाशात मध्य भारतावर कमी दाबाचं क्षेत्र होतं आणि कोकण किनाऱ्यालगत समदाब रेषांना बाक आला होता. म्हणजे जोराचा पाऊस. पण असे नकाशे माझ्या वहीत कितीतरी होते. बाबांनी विचारलं, तसं मी ऐटीत सांगितलं, "बाबा, आज पाऊस नेहमीचाच!"

बाबा अंधेरीला कामाला गेले. दुपारनंतर आभाळ फाटलं. लोकलगाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, फोन लागेना. रात्रभर आई खिडकीशी बसून होती. मी वही उघडून पुन्हा पुन्हा तोच नकाशा बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. वाशीच्या पुलावरून चालत, बूट हातात घेऊन! ओले कपडे बदलून ते एवढंच म्हणाले, "काय साहेब, नकाशा चुकला वाटतं?"

नकाशा चुकला नव्हता, मुलांनो. मी चुकलो होतो. 'जोराचा' या शब्दाचा अर्थ मी परस्पर 'नेहमीसारखा' असा लावला होता. त्या दिवशी मुंबईत आणि आसपास शेकडो माणसं दगावली. माझे बाबा परत आले, हे आमचं नशीब.

त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे पाणी वाहून गेलं नसतं, तर चौथीतल्या मुलाच्या छातीला लागलं असतं. आणि तिथून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला? फक्त ७३ मिलिमीटर! शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण इथे एक शीत दुसऱ्या शिताला ओळख देईना.

मग संगणक काय करत होते? संगणकाचं मॉडेल वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडतं. प्रत्येक चौकटीतला दाब, वारा, तापमान, बाष्प यांचे आकडे घेतं आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनी, काही मिनिटांच्या पावलांनी पुढचं गणित करत जातं. २००५ च्या सुमाराला जगभराचं गणित करणाऱ्या मॉडेलच्या चौकटी फार मोठ्या होत्या. एकाच चौकटीत कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्ही मावले, तर फरक दिसणार कसा? आता चौकटी बारीक झाल्या आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं घडवलेलं आणि २०२५ मध्ये वापरात आलेलं भारतीय मॉडेल ६ किलोमीटरच्या चौकटींचं आहे.

मग आता चूक होणारच नाही? तसं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकाला ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच दिला. सुरुवातीला उत्तरं जुळली, पण पुढे हवामान पार वेगळं झालं! म्हणून आज एकच गणित थोड्या थोड्या फरकानं अनेकदा करतात. पावसात कागदी होड्या सोडता ना? एकाच जागेवरून वीस होड्या सोडा. थोडा वेळ सगळ्या बरोबर जातील, मग पांगतील. जितका वेळ त्या बरोबर राहतील, तितका अंदाज भरवशाचा. पांगल्या की माणसानं विचार करायचा. मॉडेलनं काल सांगितलेली 'आजची सकाळ' आणि आजचा खरा नकाशा शेजारी ठेवायचा. दोन्ही जुळत नसतील, तर मॉडेलच्या 'उद्या'वर भरवसा थोडा कमी ठेवायचा.

या होड्या मला पुन्हा आठवल्या २०२० मध्ये. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ येणार होतं. आम्ही कुंड्या आत घेतल्या, पाणी भरलं, बॅटऱ्या काढल्या. नेरुळला वारा सुटला, पाऊस झाला, आणि संध्याकाळी सगळं शांत. माझा सहावीतला भाचा वैतागला, "मामा, उगाच घाबरवलं! वादळ आलंच नाही."

मी त्याला नकाशावही आणायला सांगितली. वादळ आलं होतं. अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्याच किनाऱ्यावर. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. तिथली झाडं लावलेली आजोबांनी, आणि नातवानं ती एका दुपारी पडताना पाहिली. नेरुळपासून श्रीवर्धन सुमारे १०० किलोमीटर. भाच्यानं भारताच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. अंतर एक सेंटिमीटरही भरलं नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आपली होडी जरा बाजूनं गेली."

मुलांनो, हवामान खात्याचे रंग तुम्ही पाहिले असतील. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. 'तुमच्या दारात नक्की येणार' असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. अंदाज खरा ठरला नाही, तर चार कुंड्या परत बाहेर ठेवायच्या. पण अंदाज कानाआड केला तर काय होतं, ते आमच्या आईला विचारा.

बाबा आता निवृत्त झाले आहेत. पण पावसाळ्यात फिरायला निघताना अजून विचारतात, "काय साहेब?" मी नकाशा बघतो, मॉडेल बघतो, खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतोय का तेही बघतो. आणि 'नेहमीचाच' हा शब्द सोडून बाकी सगळं सांगतो.