आधी पिळणं, मग वाळवणं

हॉटेलवाले कोटेशनांची चळत पुढ्यात टाकून विचारतात, "विजेचा ड्रायर घेऊ, गॅसचा की वाफेचा?" मी उलट विचारतो, "कपडे पिळता कशावर?" बहुतेकांना वाटतं, हा माणूस विषय टाळतोय.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट उष्णता लागतेच. तिथे कुठल्याच कंपनीची हुशारी चालत नाही. शिवाय ड्रम तापतो, कापड तापतं, गरम हवा धुराड्यातून निघून जाते. म्हणून लिटरमागे एक युनिट धरून चालावं. आता 25 किलो टॉवेल घ्या. 100 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट जोराने पिळणाऱ्या, साध्या मशीनमधून ते वीसेक लिटर पाणी पोटात ठेवून निघतात, 350 जीच्या मशीनमधून चौदाच्या आसपास. म्हणजे दर लोडमागे सहा युनिटांची बचत, आणि तेच पाणी गरगर फिरवून काढायला मोटार किरकोळ वीज खाते.

मग टॉवेल किती आणि चादरी किती, ते बघायचं. चादरी ओलसरच कॅलेंडरवर, म्हणजे इस्त्रीच्या रोलर मशीनवर, जायला हव्यात. तापल्या रोलरवर वाळणं आणि इस्त्री एकदमच उरकते. ड्रायरमध्ये कडक वाळवलेल्या चादरींवर इस्त्रीसाठी पुन्हा पाणी शिंपडणारे महाभागही मी पाहिलेत.

इंधन जागा ठरवते. मुंबई-पुण्यात दारात पाइपचा गॅस असेल तर फार डोकं खाजवू नये. महाबळेश्वरच्या थंडीत मात्र एकट्या सिलिंडरवर मोठा बर्नर लावला की गॅस पुरेशा वेगाने तयार होत नाही, दाब पडतो. तिथे अनेक सिलिंडर एकत्र जोडावे लागतात. विजेचा 25 किलोचा ड्रायर 30 किलोवॅटच्या घरात जातो, म्हणजे मंजूर भार वाढवणं आलं. वाफेचा ड्रायर रुग्णालयात शोभतो, कारण बॉयलर तिथे आधीच असतो. नुसत्या ड्रायरसाठी बॉयलर बसवू नये. हीट पंपाचा ड्रायर वीज निम्म्यावर आणतो, पण महाग आणि संथ. रात्रपाळी चालत असेल तर माझं मत त्यालाच.

"पावसाळ्यात हवाच ओली, ड्रायर तरी काय करणार?" हे मेकॅनिकचं आवडतं उत्तर. ते खोटं आहे. 28 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 70 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 11 टक्क्यांवर येते. खरा दोष बहुधा लिंटने चोंदलेल्या जाळीत किंवा डक्टच्या नको तितक्या वळणांत असतो.

मसाजचे टॉवेल धुतले तरी थोडं तेल त्यांत उरतं, आणि असे टॉवेल गरम असतानाच घड्या घालून रचले तर ढीग आपोआप पेटू शकतो. म्हणून इंधन कुठलंही असो, शेवटचा थंड हवेचा टप्पा ऑपरेटरला सहज गाळता येणार नाही असंच मशीन मागा.