मातोश्रीची शिरोरेखा

द्वितीय वर्ष कला

आमच्या घरात कुठलाही छापील कागद आला, की तो आधी माझ्यापुढे येतो. विजेचं बिल मराठीत असलं तरी येतं, कारण त्यात आकडे असतात. आमचे आण्णा सुतार. त्यांची शाळा चौथीत सुटली, आईची त्याच्याही आधी. दादा दहावीनंतर कामाला लागला. तेव्हा मी कॉलेजात जाते ही आमच्या घरातली मोठी गोष्ट. पण मी कला शाखेत जाते आणि तिथं यंत्रांविषयी काही शिकवत नाहीत, हे मात्र मला अजून कुणालाही नीट समजावून सांगता आलेलं नाही.

२०२४ च्या दिवाळीत दादा चाकणहून आला तो एक खोकं काखेत घेऊनच. कंत्राट संपलं होतं, हातात थोडे पैसे होते, त्यातले चौदा हजार त्यानं या खोक्यात घातले होते. आत चिनी बनावटीचं, हौशी लोकांसाठी केलेलं कोरीवकामाचं यंत्र, सुट्ट्या भागांत. त्याला ३०१८ म्हणतात, कारण त्याच्या टेबलावर तीस सेंटिमीटर लांब नि अठरा रुंद एवढ्या जागेत काम होतं. कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, वायर जोडायची, की वरची छोटी मोटर टोकदार पातं फिरवत लाकडावर ती अक्षरं कोरते. "आण्णा, नावाच्या पाट्या करायच्या! बसल्या जागी!" असं म्हणत दादानं दोन रात्री जागून ते उभं केलं. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं आणि तो गेला. जाताना जुना लॅपटॉप आणि माहितीचं पुस्तक माझ्या हाती देऊन म्हणाला, "तुला इंग्लिश येतंय. वाच आणि चालव."

वाचकहो, ते इंग्रजी तुम्ही बघायला हवं होतं. चिनीतून कुणी तरी घाईघाईनं उतरवलेलं. शब्द सगळे ओळखीचे, वाक्यं सगळी परकी. चित्रं नखाएवढी. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचलं. आण्णांनी विचारलं, "कळलं का गं?" मी म्हणाले, "कळलं." ते का म्हणाले, ते कॉलेजात येणारी घरातली पहिली मुलं समजू शकतील. फी भरणारा माणूस समोर उभा राहून विचारतो, तेव्हा "नाही" हा शब्द तोंडातून निघत नाही.

सुरुवातीच्या अडचणी किरकोळ होत्या. लॅपटॉप यंत्राला ओळखेना; त्यासाठी लागणारी एक फाईल मोबाइलवर शोधून घातली. कोरायचं पातं फिरू लागलं की मध्येच संबंध तुटायचा. लांब, स्वस्त वायर बदलून जाड आणि आखूड घेतली, तेव्हा ते थांबलं. एवढ्यावर मी घरात इंजिनिअर ठरले. आईनं शेजारी सांगूनही टाकलं.

मग पहिलं काम आलं. गल्लीतल्या एका काकूंच्या नव्या घराला पाटी हवी होती, 'मातोश्री'. लाकूड कुठलं वापरायचं यावर आण्णा बराच वेळ बोललेच नाहीत. मग माळ्यावर चढले आणि एक फळी घेऊन उतरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला, तेव्हा कराडजवळच्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत पडली होती. त्या भिंतीतल्या दाराची सागवानी चौकट आजोबांच्या हातची. आण्णांनी ती सोडवून, धुऊन, वाळवून ठेवली होती. तिचीच ही फळी, रंधा मारलेली. "पहिलं काम हाय. चांगल्या लाकडावर हूं दे," एवढंच म्हणाले.

यंत्र सुरू झालं. 'म' सुरेख उमटला. मग 'तो' आला तो मपेक्षा खाली. आणि 'श्री' तर आणखी खाली, जणू त्याचं या शब्दाशी भांडण झालं आहे! मराठी माणूस अक्षर लिहिताना कितीही वाकडं लिहो, शिरोरेखा एका रेषेत ठेवतो. इथं तिच्या तीन पायऱ्या झाल्या होत्या. अक्षराची सुरुवात आणि शेवटही एकमेकांना भेटत नव्हते. मी घाईनं बटण दाबून यंत्र थांबवलं. आण्णांनी फळी सोडवली, बोटानं भुसा झटकला आणि हात धुवायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी सेटिंगची पानं उघडली. या यंत्राचा मेंदू म्हणजे तळहाताएवढं सर्किट, आणि त्यात ग्रबल नावाचा प्रोग्राम. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी २००९ मध्ये तो सुरू केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यात एक हिशेब असतो. मोटर एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते. सर्किट त्या प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करतं. म्हणजे एका फेऱ्याला ३२०० तुकडे. आट्यांचा दांडा एका फेऱ्यात टेबलाला चार मिलिमीटर सरकवतो. बत्तीसशे भागिले चार, आठशे. म्हणून एका मिलिमीटरला ८००. हे मला समजलं तेव्हा झालेला आनंद मी परीक्षेतही अनुभवलेला नाही.

मी टेबलाला पुढे-मागे दिशेनं शंभर मिलिमीटर सरकायला सांगितलं. पट्टीनं मोजलं, तर अठ्ठ्याण्णव. झालं! दोष सापडला, असं मला वाटलं. त्रैराशिक मांडलं, आठशेच्या जागी ८१६ घातले, आणि सकाळी आण्णांना ऐटीत म्हणाले, "आकडा चुकला होता."

फळीची नासाडी नको म्हणून पात्याच्या जागी बॉलपेन बांधलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चौकोन काढायला लावला. पेन निघालं त्या जागी परत आलंच नाही. पुन्हा काढला. या वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबलं. शंभर मोजले, तर एकदा शहाण्णव, एकदा एकशेएक. मी पुस्तक उघडून पानं उलटू लागले. आण्णा माझ्याकडे बघत होते. मग मीच पुस्तक मिटलं.

"आण्णा, मला ह्यातलं काही कळलेलं नाही. परवापण कळलं नव्हतं."

ते काही हसले नाहीत. "मग तवाच सांगायचं हुतंस," म्हणाले आणि खाली मांडी घालून बसले. ते तिन्ही चौकोन हातात घेऊन बराच वेळ पाहिले. नंतर जे म्हणाले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं आहे: "टेपच चुकीचा आसंल, तर त्यो दर खेपेला तेवढाच चुकंल. ह्ये दर खेपेला येगळं चुकतंय. मापाचा दोष न्हाय. कुठंतरी पकड सुटतीया."

मी ८१६ खोडून पुन्हा ८०० घातले.

यंत्राच्या मागे मोटरचा दांडा आणि आट्यांचा दांडा एका ॲल्युमिनियमच्या कपलिंगनं जोडलेले असतात. आण्णांनी कानामागची पेन्सिल काढली आणि मोटरच्या दांड्यापासून कपलिंगवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढली. चौकटीचे दोन तुकडे जुळवताना ते सांध्यावर अशीच निशाणी करतात. "आता चालीव." मी टेबल दहा-बारा वेळा पुढे-मागे केलं. थांबवलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते. दांड्यावरचा एकीकडे आणि कपलिंगवरचा दुसरीकडे! म्हणजे मोटर इमानानं तिची पावलं टाकत होती, पण दिशा बदलली की दांडा कपलिंगच्या आतच थोडा घसरत होता आणि टेबलाला त्याचा पत्ताच नव्हता. आडव्या दिशेच्या मोटरवर तशीच रेघ मारून पाहिली. ती अखंड राहिली. म्हणून शिरोरेखा आडवी सरळ येत होती, आणि अक्षरागणिक खाली उतरत होती.

कपलिंगला बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात, ते ॲलन कीनं आवळतात. आवळले. तासाभरानं पुन्हा सुटले, कारण दांडा गोल आणि गुळगुळीत; स्क्रूला टेकायला जागाच नाही. आण्णांनी वीज बंद करायला सांगितली, मोटर सोडवली, लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि बारीक कानशीनं दांड्याची एक बाजू किंचित चपटी केली. मी टॉर्च धरला होता. चपट्या जागेवर स्क्रू आणून आवळला. परत रेघ. परत दहा-बारा फेऱ्या. रेघ हलली नाही.

चौकोन मिटला. तरीही कोपऱ्याशी केसाएवढी फट राहिली. ती कशामुळे, ते दोन दिवसांनी कळलं. खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक स्प्रिंग पडलेली होती. टेबलाखाली दोन पितळी नट असतात आणि त्यांच्यामधली स्प्रिंग त्यांना आट्यांवर दाबून धरते. ती नसेल तर दिशा बदलताना टेबल जरासं डुगडुगतं. दादाला फोन केला. "ती जास्तीची आली होती," तो म्हणाला. आण्णा पलीकडून ओरडले, "जास्तीचं कुणी फुकट देतंय व्हय रं?"

'मातोश्री' दुसऱ्यांदा कोरली ती साध्या आंब्याच्या फळीवर. मुळात सागवानी फळी एकच होती. काकूंना पाटी आवडली. आण्णांनी मात्र तिच्या शिरोरेखेवरून अंगठा फिरवला आणि 'श्री'पाशी थांबून म्हणाले, "हितं जरा उकलंलंय." लगेच पॉलिश पेपर घेऊन बसले. खरंच तिथं एक तंतू उभा होता. मला दिसला नव्हता.

बिघडलेली सागवानी फळी आईनं पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून घेतली आहे. कोरलेली बाजू खाली ठेवते.

आमच्या कामाच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर आण्णा मापं लिहून ठेवतात, पेन्सिलीनं. कुणाच्या खिडकीची, कुणाच्या पलंगाची; वर्षानुवर्षांची मापं आहेत तिथं. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "ते एका मिलिमीटरला किती म्हनलीस? सांग, हितं लिवून ठेवू." मी सांगितलं. त्यांनी एका दाराच्या चौकटीच्या मापाखाली ८०० असं ठळक लिहिलं आणि पेन्सिल परत कानामागे ठेवली.